घरामागे तिबोटी खंड्याचं घरटं आहे, त्रास न देता फोटो कसे काढायचे?

आगरातला:
नमस्कार मंडळी. गाव चिपळूण तालुक्यात, पावसाळ्यात घरून काम करायची परवानगी मिळालीये म्हणून सध्या इथेच मुक्काम. आमच्या घरामागे लाल मातीची दरड आहे, घर बांधताना डोंगर कापला होता ना तीच, आणि तिच्यात साधारण छातीच्या उंचीवर एक बीळ दिसलं. आधी खेकड्याचं असेल म्हणून लक्ष दिलं नाही पण नंतर दोन तिबोटी खंडे तिथेच घिरट्या घालताना आणि आळीपाळीने आत जाताना दिसले. पक्षी बघून वेड लागायची पाळी आली, एवढासा जीव, जांभळा निळा पिवळा नारिंगी सगळे रंग एकाच ठिकाणी!

माझ्याकडे १५०-६०० एमएमची लेन्स आहे, क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा आहे. मागच्या दारापासून बीळ ४० एक फुटांवर असेल, मधे गडगा, थोडं अळू आणि बाजूने पऱ्या वाहतो. नेटवर जे फोटो बघतो त्यात पक्षी चोचीत सापसुरळी धरून एका छान शेवाळलेल्या काठीवर बसलेला असतो, तसा फोटो हवा असेल तर बिळासमोर काठी रोवून जाळीखाली बसायचं असं एका मित्राने सांगितलं. शिवाय पुण्याचा आमचा फोटोग्राफीचा ग्रुप आहे, त्यांना फोनवर बोलता बोलता सांगितलं तर सात-आठ जण रविवारी यायचं म्हणतायत. आणि काका म्हणतायत दरडीवरचं गवत फार वाढलंय ते काढून टाकू म्हणजे तुला नीट दिसेल. मला फोटो हवेत पण त्या जोडीचं काही वाईट व्हायला नकोय. काय करावं, काय करू नये, जाणकारांनी सांगा.

पावशा:
आगरातला भाऊ, विचारलंत हे फार चांगलं केलंत. पहिली गोष्ट, काकांना आत्ताच्या आत्ता थांबवा. ते गवत आणि त्याची मुळं आहेत म्हणून ती दरड कोकणच्या पावसात उभी आहे, गवत काढलं की माती सुटते आणि बीळ बसायला एक जोराची सर पुरे. दुसरं म्हणजे बिळाच्या तोंडावर जे लोंबतं ना पान, मूळ, नेचे वगैरे, तो त्यांचा आडोसा असतो. धामण, घोरपड, मुंगूस, मांजर सगळ्यांना पिल्लं हवी असतात. फोटो साफ यावा म्हणून फांद्या-पानं छाटतात त्याला फोटोवाल्यांत गार्डनिंग म्हणतात, आणि माझ्या मते घरट्याजवळच्या फोटोग्राफीत सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं, कारण माणूस निघून गेला तरी उघडं पडलेलं घरटं उघडंच राहतं.

आता मला सांगा, पक्षी आत जाताना चोचीत काही असतं का? हे नीट बघा, पण दारातूनच. रिकाम्या चोचीने एक आत गेला की बऱ्याच वेळाने दुसरा येतो आणि पहिला बाहेर पडतो, असं चाललं असेल तर आत अंडी आहेत, नर मादी दोघं उबवतात. अंडी असताना पक्षी घरटं सोडून द्यायची शक्यता जास्त, तेव्हा कॅमेरा बाहेर काढूच नका. चार-पाच अंडी घालतात, १७ दिवसांच्या आसपास पिल्लं निघतात, मग साधारण २० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. चोचीत छोटी पाल, सापसुरळी, खेकडा, बेडूक असं घेऊन फेऱ्या चालू असतील तर पिल्लं झालीयत. तेव्हा आई-बाप सहसा सोडून जात नाहीत, पण म्हणून जवळ जायचं असं नाही. उपाशी राहतात ती आतली पिल्लं, आपल्याला ती दिसतही नाहीत.

खूण सांगतो. खंड्या खाऊ घेऊन येतो, बिळाजवळच्या एखाद्या ठरलेल्या मुळावर नाहीतर काटकीवर बसतो, डोकं वरखाली हलवतो आणि सूं करून आत. हे सगळं पटकन होतं. तो जर चोचीत खाऊ धरून बसून राहिला, जागा बदलत राहिला, ची ची असा बारीक तीव्र आवाज सारखा काढत राहिला, किंवा बिळापर्यंत येऊन मागे फिरला, तर त्याला तुम्ही खटकताय. पाच-सात मिनिटं वाट बघायचीही गरज नाही, लगेच मागे सरका. कधी कधी तो कंटाळून तो घास स्वतःच खाऊन टाकतो. तो घास पिल्लाचा होता.

काठी रोवू नका. ग्रुपला बोलावू नका. यावर मी वाद घालणार नाही, सरळ सांगतोय.

सडेवाला:
मला वाटतं पावशा जरा जास्तच घाबरवतायत. मी स्वतः बघितलंय, रस्त्याच्या कडेच्या दरडीत खंड्याचं घरटं होतं, दिवसभर एसट्या, डंपर, दुचाक्या जातात, खाली पंधरा-वीस ट्रायपॉड लागलेले आणि तरी पिल्लं व्यवस्थित उडाली. पक्ष्यांना सवय होते. आणि असे फोटो आले म्हणूनच तर लोकांना हा पक्षी कळला, आवडला, नाहीतर गावातल्या पोरांनी गलोलीने उडवला असता. फोटो काढायचेच नाहीत तर जनजागृती कशाने होणार? शहरातल्यांनी येऊन नियम शिकवायचे आणि गावातल्यांनी ऐकायचे असं नको.

पावशा:
सडेवाला दादा, मीही गावातलाच आहे, संगमेश्वरकडचा. तुम्ही बघितलं ते खोटं नाही. पण एसटी येते आणि निघून जाते, ती थांबून बिळाकडे टक लावून बघत नाही. आपल्या दारासमोरून माणसं जातात येतात त्याचं काही वाटत नाही, पण एक जण दिवसभर दाराकडे तोंड करून उभा राहिला तर आपण पोरांना बाहेर सोडू का? पक्ष्याला हा फरक कळतो. आणि एका घरट्यातली पिल्लं उडाली ती तुम्हाला दिसली, पण किती उडाली, पाच होती त्यातली तीन का दोन, ते बीळ बंद असल्याने कुणालाच कळत नाही. ज्या घरट्यावर गर्दी होऊन ते मोडलं त्याचा फोटो कुणी टाकत नाही.

जनजागृतीचं म्हणाल तर मान्य आहे की फोटोमुळे लोकांना पक्षी कळतो. पण फांदीवर बसलेल्या खंड्याचा फोटोही तेवढंच काम करतो, त्यासाठी बिळाचं तोंड फ्रेममध्ये लागत नाही. आमच्याकडे धनेशाचं तर याहून नाजूक असतं. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते, आत तिची उडायची पिसंही गळतात, म्हणजे तिला बाहेर पडून उडताच येत नाही. तिला आणि पिल्लाला नर बाहेरून फळं आणून भरवतो, कित्येक आठवडे. झाडाखाली माणसं बसली आणि नर लाजून आलाच नाही तर आत दोघांचे हाल. देवराईतली अशी झाडं आमचे म्हातारे लोक न बोलता सांभाळायचे, पाहुण्याला दाखवायचे नाहीत.

भीमाकाठ:
इकडे भिगवणला उजनीच्या पाण्यावर वेगळाच प्रकार चालतो म्हणून लिहितो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधे वाळूचे, मातीचे उंचवटे उघडे पडतात, त्यावर नदी सुरय आणि छोटे आर्ली उघड्यावर अंडी घालतात, घरटं असं काही नसतंच, जमिनीत नुसता खळगा. टिटवीचंही तेच, खड्यांत चार अंडी, रंग असा की पाय पडेपर्यंत कळत नाही. लोक नावेतून उतरतात आणि पोटावर झोपून लो अँगल घ्यायला सरपटत जातात. भर दुपारी पक्षी उठला की अंड्यांवर थेट ऊन. टिटवी त्या दिवसांत पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते एवढी ती त्या उन्हाला घाबरते, आणि आपण तिलाच उठवून लावतो. उबवणं म्हणजे ऊब देणं असंच लोकांना वाटतं, सावली देणं हे लक्षातच येत नाही. वर कावळे आणि घारी बघतच असतात, सुरय उठल्या की त्या उतरतात.

आमच्यातले जुने नावाडी आता उंचवट्याला नाव लावत नाहीत, नावेतूनच काय मिळेल ते काढा म्हणतात. गिऱ्हाईक नाराज होतं, पण ते ऐकत नाहीत, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटतो. सांगायचा मुद्दा, आगरातला भाऊ, तुमच्याकडे पाऊस आहे आणि बीळ आहे म्हणून उन्हाचा प्रश्न नाही, पण तुमच्याच आगरात बुलबुल, शिंपी, शिंजीर यांचीही उघडी घरटी असतील. पावसात आई उठली की पिल्लं भिजतात आणि गारठतात. तिकडे जाताना पण जपा.

कलम_नऊ:
कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम २(१६), त्यात शिकार म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं तर आहेच, पण अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही आहे. आणि कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परिशिष्टं, म्हणजे संरक्षित प्राणी-पक्ष्यांच्या याद्या, नव्याने मांडली गेली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. हे अभयारण्यापुरतं आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो, की कर्नाळ्यात नियम आणि बाहेर सगळं मोकळं. तसं नाहीये, तुमच्या खाजगी आगरातलं घरटंही त्यात येतं. तुम्ही खिडकीतून फोटो काढलात तर कुणी तुम्हाला धरणार नाही हे उघड आहे, पण आठ जण ट्रायपॉड लावून बसले आणि पक्षी घरटं सोडून गेला तर विषय गंभीर होऊ शकतो. बऱ्याच वन्यजीव छायाचित्र स्पर्धाही आता घरट्यावरचे फोटो घेत नाहीत, म्हणजे ग्रुपमधल्या ज्यांना स्पर्धेसाठी हवेत त्यांचाही फायदा नाही.

ओलीवाट:
मी या पक्ष्याचे फोटो बरेच काढलेत, घरट्याचा एकही नाही, त्यामुळे तांत्रिक मदत करते.

आधी गणित बघा. पक्षी जेमतेम १३ सेंटीमीटर. ४० फूट म्हणजे १२ मीटर. ६०० एमएमला सेन्सरवर त्याची प्रतिमा साधारण साडेसहा मिलिमीटर येते आणि तुमच्या क्रॉप सेन्सरची उंची १५ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे घरातूनच पक्षी फ्रेमच्या उंचीच्या ४० टक्क्यांपर्यंत भरतोय! अजून जवळ जाऊन करायचंय काय? तुमचं घर हाच तुमचा हाइड, म्हणजे लपून फोटो काढायचा आडोसा. त्या जोडीने बीळ खणलं तेव्हा तुमच्या घरात भांडी वाजत होती, दार उघडत होतं, माणसं फिरत होती, ते सगळं बघूनच त्यांनी जागा निवडलीये. फक्त त्यात नवीन काही घालू नका.

मागच्या बाजूला खिडकी असेल तर दारापेक्षा खिडकी बरी. खोलीतला दिवा बंद, खिडकी उघडी, पण लेन्स गजातून बाहेर काढायची नाही, खिडकीपासून दोन-तीन फूट आत ट्रायपॉड लावून मागे बसायचं. अंधाऱ्या खोलीतला माणूस बाहेरून दिसत नाही. जुनी गडद साडी किंवा चादर आडवी लावून तिच्यातून लेन्स काढली तर उत्तमच. मिररलेस असेल तर सायलेंट शटर, ऑटोफोकसचा हिरवा-लाल दिवा बंद, फ्लॅश अजिबात नाही. पावसाळी सावलीत उजेड मरतो हे खरं, पण खंड्या काटकीवर बसला की डोकं हलवतो आणि मधे मधे एकदम स्थिर होतो, तेव्हा १/१६० सेकंदाच्या शटरला सुद्धा शार्प येतो, आयएसओ ३२०० किंवा ६४०० गेला तर जाऊ दे, नॉइज (फोटोतले दाणे) नंतर काढता येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोकस बिळाच्या तोंडावर ठेवूच नका. पावशा म्हणाले ती ठरलेली काटकी शोधा, ती बिळापासून थोडी लांब असते, तुमच्या त्या अळवाच्या बाजूलाही असू शकेल. तिथे चोचीत सापसुरळी घेऊन बसलेला फोटो मिळतो, तोच जो तुम्हाला हवाय, आणि बिळाचा मागमूसही फ्रेममध्ये नसतो. त्याहून छान म्हणजे पऱ्याकाठी, बिळापासून पुष्कळ लांब, ते खेकडे पकडतात आणि दगडावर आपटतात. ते टिपायला तुमचं आयुष्य कमी पडेल.

पूर्वी लोक घरट्यावर का काढायचे ते पण सांगते कारण तो प्रश्न नेहमी येतो. लेन्स छोट्या होत्या, पक्षी परत परत एकाच जागी येईल अशी जागा घरट्याशिवाय नव्हती. पक्षितज्ज्ञ सालिम अलींबरोबर फिरलेले सिंगापूरचे छायाचित्रकार 'लोक वान थो' (हे एकाच माणसाचं नाव) घरट्याशेजारी हाइड बांधूनच काढायचे. हाइड एकदम लावायचा नाही, लांब उभारून रोज थोडा पुढे सरकवायचा, आणि आत जाताना दोघांनी जायचं, एकाने बाहेर येऊन निघून जायचं म्हणजे पक्ष्याला वाटतं माणूस गेला. एवढी काळजी घेऊनही इंग्लंडच्या एरिक हॉस्किंग यांचा एक डोळा १९३७ मध्ये वेल्समध्ये घुबडाच्या घरट्याशी गेला, घुबडाने अंधारात झडप घातली. त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. आपल्याकडे ६०० एमएम आहे.

सडेवाला:
ओलीवाट ताई, हे गणित पटलं. मला वाटत होतं घरट्याशिवाय हा पक्षी मिळतच नाही. एक विचारतो, पिल्लाला माणसाचा हात लागला तर आई घेत नाही म्हणतात, ते खरं का? आमच्याकडे सगळे तेच सांगतात.

पावशा:
बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत खरं नाही, वासाने ओळखून पिल्लू टाकून देतात असं होत नाही. उघड्या घरट्यातून पडलेलं बिनपिसांचं पिल्लू परत ठेवलं तर आई घेते. पण त्याचा अर्थ हात लावायला हरकत नाही असा घेऊ नका. आपण घरट्यापाशी जातो तेव्हा पायवाट पडते, गवत मोडतं, वर कावळा आणि भारद्वाज बघत असतात की हा माणूस इथे का वाकला. भारद्वाज तर घरटी शोधण्यात पटाईत. म्हणून मोबाईलचा टॉर्च मारून बिळात बघणं, तारेला कॅमेरा बांधून आत घालणं, हे काही करायचं नाही. आणि आवाजाची रेकॉर्डिंग लावून बोलवायचं तर नाहीच, विणीच्या दिवसांत त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत आलाय, पिल्लं भरवायची सोडून तो भांडायला धावतो.

आगरातला:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना सांगितलं, ते म्हणाले मला काय माहीत, राहू दे गवत. उलट आता तेच मांजरीला मागच्या बाजूला फिरकू देत नाहीयेत. न्हाणीघराशेजारच्या खोलीला खिडकी आहे, तिथून दुर्बिणीने बघितलं. चोचीत खाऊ आहे, एकदा खेकडा होता, एकदा बहुतेक पाल, म्हणजे पिल्लं आहेत. ठरलेली काटकी पण सापडली, दरडीतून बाहेर आलेलं आंब्याचं मूळ आहे, बिळापासून चार-पाच फूट डावीकडे. येतो, बसतो, दोनदा मान हलवतो आणि आत.

ग्रुपला नाही म्हणून कळवलं. एक जण चिडलाय, म्हणतोय स्वतः काढणार आणि आम्हाला नाही. त्याला काय सांगू? आणि दुसरं, त्या खोलीची खिडकी आता नवीन सरकत्या काचेची केलीये, काच बंद ठेवून आतून काढले तर चालेल का, पाऊस आत येतो म्हणून विचारतोय.

ओलीवाट:
काच बंद ठेवू नका! हे लिहिलंत ते बरं झालं. तिबोटी खंडा काचेला आणि भिंतीला आपटतो, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडाला ते विणीसाठी येतात तेव्हा घराघरांत असे आपटलेले सापडतात. काचेत समोरची झाडी दिसते आणि तो सरळ तिच्यात घुसतो. तुमचं बीळ समोरच आहे, आई-बाप दिवसभर त्या पट्ट्यात उडणार आणि नंतर नवीन पिल्लं, ज्यांना उडायचा अंदाजच नाही. काचेला बाहेरून जुनी मच्छरदाणी किंवा साडी लावा, थोडी सैल. फोटोच्या वेळी काच सरकवायची, खाली टॉवेल टाकायचा.

आणि आपटलेला सापडलाच तर पाणी पाजायला जाऊ नका, चोच उघडून काही घालू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, खाली फडकं घालून त्यात ठेवा, झाकण लावा, शांत अंधाऱ्या जागी. तासाभराने बाहेर नेऊन झाकण उघडा, बरा असेल तर स्वतः उडतो. नाही उडाला तर वनविभागाला फोन, १९२६.

पावशा:
चिडलेल्या मित्राला सांगा की पिल्लं बाहेर पडली की कळवतो, तेव्हा पऱ्याकाठी एक-दोघांनी या आणि लांबून बघा. तोपर्यंत फोटो टाकलात तरी गावाचं नाव नको, जिल्हा पुरे. फाइलमधलं जीपीएस काढून टाका, बऱ्याच जणांना माहीतच नसतं की मोबाईलच्या फोटोत जागा लिहिलेली असते, व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच जाते. आणि घराच्या पायरीवरून दरड दिसेल असा फोटो तर टाकूच नका, गाव ओळखणारे ओळखतात.

अजून एक राहिलं. ही जोडी पुढच्या पावसाळ्यातही त्याच दरडीला येऊ शकते, तेव्हा पावसाळा संपल्यावर काका दरडीला दगडी पिचिंग (दगड रचून पक्कं करणं) करायचं म्हणाले तर बिळाच्या आसपासचा तेवढा भाग मातीचाच ठेवता येतो का ते गवंड्याशी बोलून बघा. जेसीबीने सगळी सरळ कापून घेतली की खणायला जागा उरत नाही.

आगरातला:
पिचिंगचं खरंच ठरलंय दिवाळीनंतर. घराला धोका नको म्हणून खालचा भाग करावाच लागेल, पण बीळ वर छातीच्या उंचीवर आहे आणि ती बाजू घरापासून लांब आहे, तेवढी सोडता येईल असं काका म्हणतायत. साडी लावली काचेला, आजीची जुनी नऊवारी.